तिसऱ्या नकोपर्यंत

आयर्लंडमध्ये वयाची तेविशी ओलांडून कॉलेजात गेलेल्या माणसाला ‘मॅच्युअर स्टुडंट’ म्हणतात. मी गेले तेव्हा पंचेचाळिशी उलटली होती, म्हणजे या हिशेबाने मी जवळजवळ दोनदा मॅच्युअर झाले होते. पहिल्याच दिवशी एका पोराने मला लेक्चरर समजून लायब्ररी कुठे आहे ते विचारलं. मीही चष्मा सावरून, हात दाखवून रस्ता सांगितला. पंधरा मिनिटांनी आम्ही दोघं बॉयलर रूमच्या दाराशी पुन्हा भेटलो, कारण मीसुद्धा लायब्ररीच शोधत होते.

मी पद्मिनी. मूळची नागपूरची, आता राहणार आयर्लंडच्या मीथ परगण्यातलं नावन. नवरा उल्हास इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, त्यामुळे गावात मी डॉक्टरची बायको. मुलगा ध्रुव सतरा वर्षांचा. त्याला मराठी सगळं कळतं, अगदी आपल्याबद्दल हळू आवाजात बोललेलंसुद्धा. पण उत्तर येतं ते अस्सल मीथच्या इंग्रजीत. घरात तिघंच, आणि त्यातल्या दोघांना स्वतःच्या नावाने ओळख होती. मला ती हवी होती. एखादी गोष्ट सुरू करून, शेवटपर्यंत नेऊन, तिच्यावर माझं नाव लागावं, एवढंच. मोठं ध्येय वगैरे काही नाही.

एवढंसुद्धा दोनदा हुकलं होतं. नागपूरला आहारशास्त्राचा अभ्यासक्रम निम्मा झाला आणि उल्हासला इथे नोकरी लागली. मी म्हटलं, ‘राहू दे, मी नाही पूर्ण करत.’ माझी अपेक्षा अशी, की कोणीतरी म्हणेल, अगं असं कसं, पूर्ण कर आणि मग ये. सगळे म्हणाले, ‘बरं.’ पुढे नावनला बालसंगोपनाचा कोर्स धरला, तर ध्रुवचा दमा वाढला. मी म्हटलं, ‘राहू दे.’ उल्हास म्हणाला, ‘बरं.’ तेव्हापासून मराठी भाषेतला सगळ्यात निर्दय शब्द कोणता, असं मला कोणी विचारलं तर माझं उत्तर तयार आहे.

आता हे कळायला आमच्याकडचं ‘नको’ कळायला हवं. आमच्या घरी पंगतीत पहिलं नको म्हणजे ‘ऐकू आलं’ एवढंच. दुसरं नको म्हणजे ‘वाढा, पण थोडंच.’ तिसरं नको खरं, आणि तेही ताटावर आडवा हात धरून म्हणावं लागतं. माझे एक मामा तर बोटांच्या फटीतून जिलबी सरकवायचे. पहिल्या झटक्यात हो म्हणणारी मुलगी आमच्यात हावरट ठरते, आणि पहिल्या नकोवर पातेलं उचलणारा यजमान कद्रू. या शाळेत शिकलेली बाई परदेशात उपाशी मरेल असं तुम्हाला वाटेल. पण मी आयर्लंडला आले, ती थेट शेजारच्या ब्रीडाच्या स्वयंपाकघरात.

‘चहा घेशीलच,’ ब्रीडा म्हणाली.

‘नको, नको, आत्ताच आलोय आम्ही.’

‘अगं, घेशील!’

‘खरंच नको.’

‘घोटभर?’

‘बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर.’

पाणी केव्हाचं उकळत होतं. बिस्किटंसुद्धा बशीत काढलेली होती. मला तर नागपूरला धंतोलीत मावशीकडे आल्यासारखं वाटलं. कोणी काहीही म्हणो, आयरिश माणूस आणि नागपूरचा माणूस एका पंगतीत सुखाने जेवू शकतो. दोघंही मनातलं पहिल्यांदा विचारल्यावर सांगत नाहीत. त्यामुळे इतकी वर्षं माझं काहीही अडलं नाही, आणि मी काही शिकलेही नाही.

कॉलेजात मी पोषणशास्त्र घेतलं होतं. तिसऱ्या वर्षी एक सत्र परदेशात करता येत असे. माझ्याबरोबरची पोरं लिस्बन आणि प्रागची स्वप्नं बघत होती. ही सगळी व्यवस्था बघणाऱ्या ग्रॉन्याने मला एकदा खोलीत बोलावलं. बोत्स्वानाच्या विद्यापीठात एक जागा होती. गाबोरोनला, जानेवारी ते मे. तिथे ज्वारी मुख्य अन्न, दवाखान्यात काम, आणि अशा ठिकाणी वीस वर्षांच्या पोरापेक्षा मुलं वाढवलेली बाई जास्त उपयोगाची, असं तिचं म्हणणं.

‘छे छे, मला कसं जमेल?’ मी म्हटलं.

‘अगं, जमेल तुला!’

‘नको, मुलाची परीक्षा आहे.’

‘अगं, जाशील तू!’

‘खरंच नको, ग्रॉन्या.’

‘जा गं, जा!’

‘बरं, तू एवढं म्हणतेस तर.’

बाहेर कॉरिडॉरमध्ये आल्यावर लक्षात आलं की आपण चहाला नाही, आफ्रिकेला हो म्हटलंय.

संध्याकाळी उल्हास ड्यूटी संपवून आला. मी त्याच्यापुढे वरणभात ठेवला आणि सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, ‘मी नाही जात. उद्या कळवते त्यांना.’

‘बरं,’ उल्हास म्हणाला.

मी थांबले. त्याने लोणचं घेतलं. मी त्याला आणखी एक संधी दिली. ‘नाही म्हणजे, जूनमध्ये ध्रुवचं लिव्हिंग सर्ट आहे.’ लिव्हिंग सर्ट म्हणजे इथली बारावी. उल्हास म्हणाला, ‘हो, ते आहेच.’ आणि भात मागितला.

त्या भाताच्या मुदीवर तूप वाढता वाढता मला असा काही राग आला, की मी त्याच वेळी माळ्यावरून बॅग खाली काढली. लोक ज्ञानासाठी परदेशी जातात, करिअरसाठी जातात. मी नवऱ्याच्या ‘बरं’वर चिडून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे गेले. विमान धावपट्टीवर धावायला लागलं तेव्हा राग ओसरला होता, पण तोवर सीटबेल्ट लावलेला होता.

गाबोरोनला मी उतरले, माझी बॅग उतरली नाही. ती जोहान्सबर्गला राहिली आणि आठवड्याने, एक चाक तुटून आली. तिच्यात भडंग, मेतकूट, गूळपोळ्या आणि दोन जाड स्वेटर होते. जानेवारीत, तिथल्या भर उन्हाळ्यात, दोन स्वेटर. भूगोल हा माझा विषय नव्हता हे एव्हाना कळलंच असेल.

माझी राहायची सोय एका निवृत्त मुख्याध्यापिकेच्या घरी होती. तिथे बाईला तिच्या मुलाच्या नावाने हाक मारतात. यांच्या मुलीचं नाव टेबोगो, म्हणून या मा-टेबोगो. उंच, ताठ, आणि आवाज असा की अंगणातून हाक मारली तर गल्लीतली पोरं आपोआप शर्ट खोचतील. लेक दुसऱ्या गावी नोकरीला, त्यामुळे घरात त्या एकट्या. त्यांनी माझं नाव विचारलं, मुलाचं विचारलं, आणि लगेच निकाल दिला, ‘तू मा-ध्रुव.’ डॉक्टरची बायको हे नाव टाकायला मी एवढ्या लांब आले, आणि विमानतळाच्या धुळीचे पाय धुवायच्या आत ध्रुवची आई झाले.

मग त्यांनी ताट आणलं. ज्वारीच्या पिठाचा घट्ट, आंबूस वासाचा सांजा आणि बाजूला परतलेली पालेभाजी. वास नाकात शिरला आणि माझ्या पोटात गलका झाला. आमच्या आजोळच्या आंबिलीचाच वास तो. आदल्या दिवसापासून विमानातल्या दोन पावांवर होते मी.

‘नको, नको,’ मी हसून म्हटलं, ‘मी खाऊन आलेय.’

‘ठीक आहे,’ मा-टेबोगो म्हणाल्या. ताट उचललं, झाकलं, फ्रिजमध्ये ठेवलं, आणि टीव्ही लावला.

मी सोफ्यावर बसून दुसऱ्या आग्रहाची वाट बघत राहिले. मालिकेचा एक भाग संपला. दुसरा संपला. बाई उठल्या, दारं लावली, आणि मला माझी खोली दाखवली. सकाळी त्यांनी विचारलं, ‘खाणार का काही?’ मी शहाणी झाले होते, म्हणून या वेळी नको म्हटलं नाही. म्हटलं, ‘तुम्ही घेणार असाल तर घेईन थोडं.’ त्या म्हणाल्या, ‘माझं झालंय,’ आणि झाडांना पाणी घालायला गेल्या.

कॅम्पसच्या कँटीनमध्ये मी त्या दिवशी जे जेवले, ते बघून पुढच्या टेबलावरचा मुलगा स्वतःचं जेवायचं थांबला होता.

संध्याकाळी मी सगळं कबूल केलं. नको म्हणजे नको नव्हतं, ती रीत होती. मा-टेबोगोंनी नीट ऐकून घेतलं.

‘मग मला कसं कळणार तुला हवंय ते?’

‘तुम्ही पुन्हा विचारायचं.’

‘किती वेळा?’

‘तीनदा.’

त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. ‘माझ्या शाळेत सहाशे मुलं होती,’ त्या म्हणाल्या. ‘एकेकाला तीनदा विचारत बसले असते तर शाळा सुटेपर्यंत हजेरीच चालली असती. माझ्या घरात एकदाच विचारलं जातं, मा-ध्रुव. हो किंवा नाही.’

मग त्यांनी माझ्या अख्ख्या संस्कृतीचा न्याय केला. तिथे आपल्या हिंदी मालिका इंग्रजीत डब होऊन लागतात आणि मा-टेबोगो त्या एकही भाग न चुकवता बघत. ‘आता मला कळलं,’ त्या टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाल्या. ‘ही सून पहिल्या दिवशीच सासूला हवं ते सरळ बोलली असती, तर हे सगळं दुसऱ्या भागात संपलं असतं. गेली चार वर्षं बघतेय मी!’ मी भारताच्या वतीने काहीतरी बोलणार होते, पण पडद्यावरची सून तेवढ्यात ‘मुझे कुछ नहीं चाहिए’ याचं इंग्रजी भाषांतर बोलून रडायला लागली, आणि माझी बाजू पडली.

त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेले. ठरवलं की आता प्रत्येक गोष्टीला पहिल्या फटक्यात हो. परिणामी, मा-टेबोगोंनी एका शनिवारी काहीतरी विचारलं, मी न ऐकताच हो म्हटलं, आणि रविवारी सकाळी मी पांढरा ब्लाउज घालून चर्चच्या समूहगायनात दुसऱ्या रांगेत उभी होते. मला त्सवाना भाषेतला एक शब्द येत नव्हता आणि मराठीतसुद्धा मी आरतीला ओठ हलवते. माझ्या शेजारच्या बाईने दुसऱ्या कडव्याला माझ्याकडे वळून असं काही बघितलं, की पुढच्या तीन गाण्यांना मी श्रद्धेने डोळे मिटून घेतले.

दवाखान्यात तर आणखी मजा. माझं काम होतं लसीकरणाला आलेल्या आयांना विचारायचं, की मुलाला घरी काय भरवता. मी विचारायची, ‘म्हणजे तुम्हाला वेळ असेल, आणि चालणार असेल, तर घरी साधारण, तसं काही खास नाही, पण बाळ...’ तोवर बाळ झोपायचं. आमचे प्राध्यापक एकदा मागे उभे राहून हे ऐकत होते. नंतर म्हणाले, ‘तुमच्या प्रश्नात प्रश्न शोधायला मला दोन मिनिटं लागली.’ त्यांचं बरोबर होतं. मी घरी उल्हासलासुद्धा ‘दूध संपलंय’ असं सांगते, ‘दूध आण’ असं कधी म्हणत नाही, आणि मग त्याने आणलं नाही म्हणून दिवसभर कपाटांची दारं आपटते. 

पण हळूहळू जमायला लागलं. एक दिवस वर्गात ज्वारी आंबवण्यावर चर्चा होती. मी उठले आणि आंबील, भाकरी, पापड्या, सगळं बोलले. फळ्यावर काढून दाखवलं. दुसऱ्या दिवशी मा-टेबोगोंच्या शेगडीवर भाकऱ्या थापून वर्गात नेल्या. अर्ध्या वातड झाल्या होत्या, तरी संपल्या. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं, की वर्गात प्रश्न विचारला गेला आणि सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं, तेही लायब्ररीचा रस्ता विचारायला नव्हे. त्या रात्रीच्या जेवणाला मी न विचारता दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मला तिथे आवडायला लागलं होतं. फार आवडायला लागलं होतं.

आणि मार्चमध्ये ध्रुवने हात मोडून घेतला.

शाळेच्या फुटबॉलच्या मॅचमध्ये पडला, उजवं मनगट. लिहिता हात, आणि जूनमध्ये लेखी परीक्षा. फोन उल्हासचा आला. ‘साधं फ्रॅक्चर आहे. प्लास्टर घातलंय. तू येऊ नकोस, आम्ही ग्रँड आहोत.’

इथे थांबून सांगायला हवं, की आयर्लंडमध्ये ‘ग्रँड’ म्हणजे काय हे आजवर कोणालाही ठरवता आलेलं नाही. लॉटरी लागलेला माणूस ग्रँड असतो आणि जिन्यावरून पडलेलाही. ब्रीडाचा नवरा हृदयविकाराचा झटका आल्यावर अँब्युलन्समधून ‘ग्रँड, ग्रँड’ म्हणत गेला होता.

मग नकोंची रांगच लागली. नागपूरहून सासूबाई. ‘येऊ नको वं बाई. पोराचा हात काय, जुळतेच. तू शीक. आता नाही शिकशील त मंग कवा शिकशील? लेकरू एका हातानं जेवते म्हणे.’ डब्लिनजवळच्या ओंगारहून माझी मैत्रीण मेधा. ‘अगं, तू अजिबात टेन्शन नको घेऊ, मी आणि अभिजित वीकेंडला डबे टाकून येतो ना. तू तिकडेच राहा. ध्रुव मात्र वाळलाय गं!’ ब्रीडाचा मेसेज, की तू मुळीच काळजी करू नकोस, आणि खाली ध्रुवचा प्लास्टरमधला फोटो. ध्रुव स्वतः: ‘आय’म ग्रँड, आई.’

सगळे नको म्हणत होते. आणि मी, नकोच्या विद्यापीठाची सुवर्णपदक विजेती, एकेक नको उजेडात धरून बघत होते, की हे पहिलं आहे, दुसरं आहे, की तिसरं. सासूबाईंच्या नकोत ते एका हाताचं जेवण होतं. मेधाच्या नकोत ‘मात्र’ होतं. उल्हासच्या नकोत काहीच सापडत नव्हतं आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती. एप्रिलच्या शेवटी माझ्या परीक्षा होत्या. आत्ता निघाले तर सत्र बुडणार, आणि ते बुडालं तर शेवटच्या वर्षाला प्रवेश नाही, हे कॉलेजने आधीच स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे तिसऱ्यांदा ‘राहू दे.’ या वयात चौथी वेळ येत नसते. आणि नाही गेले, आणि त्यांना मी खरंच हवी असले तर? आई म्हणून माझं काय राहिलं?

मी तिकिटाचं पान उघडून बसले. मा-टेबोगो समोर शेंगा सोलत होत्या.

‘काय म्हणाले घरचे?’

‘येऊ नको म्हणाले.’

‘मग तिकीट कशाला बघतेस?’

‘त्यांचं नको खरं नसेल.’

‘कोणाचं?’

‘तेच तर कळत नाहीये!’

‘तू त्यांना नेमकं काय विचारलंस?’

‘मी विचारलं, मी येऊ का? नको ना?’

मा-टेबोगोंनी शेंगांची टोपली बाजूला ठेवली. ‘मा-ध्रुव, यात तू प्रश्न पण विचारलास आणि उत्तर पण दिलंस. त्या बिचाऱ्यांना बोलायला काय शिल्लक ठेवलंस?’ मग उठल्या. ‘मी कपडे वाळत घालते.’ बाहेर गेल्या, पण दार उघडं ठेवून. कपडे तर सकाळीच वाळत घातलेले होते.

मी व्हिडिओ कॉल लावला. ध्रुवने उचलला. डाव्या हाताने फोन धरल्यामुळे निम्मं कपाळच दिसत होतं.

‘ध्रुव, एक विचारते. तुला मी घरी यायला हवी आहे का? यस ऑर नो. ग्रँड चालणार नाही.’

कपाळ हललं आणि त्याच्याखाली एक डोळा दिसला.

‘नो,’ तो म्हणाला. ‘ऑनेस्टली, आई, नो. इट्स अ रिस्ट, लाइक. इफ यू कम होम बिकॉज ऑफ मी, आय’ल फील ब्रूटल.’

इथल्या पोरांचं ब्रूटल म्हणजे फार वाईट. खरं उत्तर हवं होतं ना मला? मिळालं. आणि ते असं लागलं म्हणून सांगू. ज्याला कडेवर घेऊन रात्र रात्र वाफारे दिले, तो मनगट मोडलेलं असताना सरळ नको म्हणतो! एकदा तरी खोटं ‘ये’ म्हणायचं होतंस, राजा. मी आलेच नसते. बहुतेक.

‘बाबाला दे,’ मी म्हटलं.

उल्हास आला, तो हॉस्पिटलच्या राउंडवर आल्यासारखा. ‘हे बघ, हाड सरकलेलं नाही. प्लास्टर एप्रिलमध्ये निघेल, मग फिजिओ. आणि समजा लिहिता नाही आलं, तर परीक्षेला लेखनिक मिळतो, शाळेशी बोललोय मी. तेव्हा तसं बघितलं तर...’

‘मी हाताचं नाही विचारत आहे, उल्हास. तुझं विचारतेय. तुला मी तिथे हवी आहे का? हो की नाही?’

बावीस वर्षांच्या संसारात मी हा प्रश्न कधी विचारला नव्हता. तीन वेळा नको म्हणायची तयारी होती माझी, पण एकदा असं विचारायची नव्हती. पलीकडे डिशवॉशरचा आवाज येत होता. उल्हासने चष्मा काढून ओट्यावर ठेवला.

‘हो,’ तो म्हणाला.

मी फोन दोन्ही हातांनी धरला.

‘प्रेस उघडलं की तुझे डबे तसेच लावलेले दिसतात,’ तो म्हणाला. आमच्या घरात कपाटाला आता सगळेच प्रेस म्हणतात. ‘रोज वाटतं, फोन करावा आणि सांगावं, ये परत.’

‘मग सांगितलं का नाहीस?’

‘तू आली असतीस म्हणून.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे हवी आहेस. पण येऊ नकोस. आणि हे नको एकदाच म्हणतोय, याच्यात दुसरं-तिसरं काही नाही.’ त्याने चष्मा पुन्हा घातला. ‘नागपूरला तू राहू दे म्हणालीस, मी बरं म्हटलं. इथे म्हणालीस, तेव्हाही बरं म्हटलं. मला खरंच वाटायचं, तुला सोडायचंय. मी कधी पुन्हा विचारलंच नाही.’

‘कळलं कधी तुला हे?’

‘तू माझ्या भातावर तूप वाढताना मधेच बॅग काढायला गेलीस ना, तेव्हा. त्या दिवशी तूप ताटाबाहेरच जास्त सांडलं होतं.’

मी रडले. हसतही होते मध्येमध्ये, त्यामुळे फार वाईट दिसत असणार. पडद्याच्या कोपऱ्यात मला माझाच चेहरा दिसत होता आणि तो त्या मालिकेतल्या सुनेपेक्षा वेगळा नव्हता. पलीकडून ध्रुवचा आवाज आला, ‘आर यू टू ओके?’ आणि उल्हास त्याच्याकडे न बघताच म्हणाला, ‘ग्रँड.’

फोन ठेवल्यावर मा-टेबोगो रिकाम्या हातांनी आत आल्या.

‘मग? हो की नाही?’

‘दोन्ही.’

‘दोन्ही असं उत्तर नसतं.’

‘आमच्यात असतं,’ मी डोळे पुसत म्हटलं. ‘आणि दोन्ही खरी आहेत.’

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. आपल्या नियमाला एक अपवाद करावा की नाही, याचा त्या विचार करत असाव्यात. मग तो केला नाही. ‘जेवणार का?’ त्यांनी एकदाच विचारलं.

‘हो,’ मी म्हटलं आणि तिकिटाचं पान बंद केलं.

परीक्षा दिल्या. एका पेपरात वेळ पुरला नाही, दुसऱ्यात नको इतकं लिहिलं, पण सगळ्यात पास झाले. निघताना मा-टेबोगोंनी ज्वारीच्या पिठाची एवढी मोठी पिशवी पुढे केली आणि मी पहिल्याच झटक्यात दोन्ही हातांनी घेतली. त्यांना त्याचा इतका आनंद झाला, की त्यांनी आणखी एक पिशवी आणली. नको म्हणायची माझी आता टाप नव्हती.

डब्लिनला उतरले तेव्हा मे असूनही गार वारा सुटला होता आणि अखेर त्या दोन स्वेटरांपैकी एक कामाला आला. उल्हास आणि ध्रुव बाहेर उभे होते. ध्रुवच्या हाताचं प्लास्टर निघालेलं होतं. त्याने मला मिठी मारली आणि ‘स्टोरी, आई’ म्हणाला, म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत ‘काय म्हणतेस.’ उल्हास पुढे आला आणि त्याने माझ्या बॅगांकडे हात नेला. दोन बॅगा, त्यात ते सगळं पीठ.

‘नको, नको,’ मी सवयीने म्हटलं, ‘मी घेते.’

‘बरं,’ उल्हास म्हणाला. त्याने हात मागे घेतला, खिशात घातला, आणि पार्किंगच्या दिशेने चालायला लागला.

मी तिथेच उभी राहिले. जुना राग परत आला होता. त्याच्या पाठीकडे बघत मी चार पावलं त्या बॅगा ओढल्यासुद्धा. एकीचं चाक जोहान्सबर्गलाच तुटलं होतं. मग थांबले.

‘उल्हास!’

तो वळला. मला वाटतं, तो हाकेची वाटच बघत होता.

‘बॅगा घे,’ मी म्हटलं. ‘दोन्ही.’

तो आला, आणि त्याने दोन्ही घेतल्या.